जुनी लुगडी, नवी सुई आणि बुलढाण्याची थंडी

वऱ्हाड म्हटले की पुण्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे वैशाखातला वणवा उभा राहतो. परंतु पौषातल्या पहाटे मलकापूरच्या स्थानकावर उतरून, हातातील सामान खाली ठेवून, आधी शाल कानांवरून घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना वऱ्हाडाचे दुसरेही रूप ठाऊक असते. गेल्या पौषात आम्हां दोघी जावांवर तो प्रसंग आला. बरोबर एक ट्रंक, फराळाचा डबा आणि एक गाठोडे होते. ट्रंक बाकाखाली गेली, डबा खुंटीला लागला. गाठोडे मात्र रात्रभर आम्ही आळीपाळीने मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यात आमच्या कैलासवासी सासूबाईंची चार लुगडी होती.

वास्तविक ती पाच होती. सासूबाई जाण्यापूर्वी आम्हांला जवळ बसवून म्हणाल्या होत्या, “माझी लुगडी बोहारणीला घालून भांडी घेऊ नका. पणतवंड होईल तेव्हा त्याच्या अंगाखाली त्यांची वाकळ घाला.” थोरल्या जाऊबाईंच्या लेकीला दिवस गेल्याचे कळले, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने ट्रंक उघडली. घरात पायाने चालवावयाचे शिवणयंत्र आहे आणि आम्हां दोघींना पोलकी, परकर शिवण्याचा सरावही आहे. वाकळ जाड म्हणून सुईही जाड हवी, असे मनाशी ठरवून दुकानातून अठरा नंबरची सुई मागून आणली आणि एका रात्रीत पहिल्या लुगड्याच्या घडीवर हात हात अंतराने टिपा मारून टाकल्या. सकाळी घडी उचलली तो काय, टपालाची तिकिटे ज्या भोकांच्या ओळीवर अलगद सुटतात, तसे ते लुगडे टिपेच्या ओळीवर सुटत गेले! थोरल्या जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते तुकडे नीट घडी करून ठेवले आणि बुलढाण्याला मावशींना फोन लावला.

मावशी म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भगिनी. वय ८२. बुलढाणा हे उभयतांचे माहेर. मावशींचे सासरही त्याच गावात. हकीकत ऐकून घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, “फाटलेले धरून सगळी लुगडी घेऊन इकडे या. तोवर एकही टीप मारू नका.”

मलकापूरहून बुलढाणा सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. एस.टी. मोताळ्यापर्यंत सपाट काळ्या जमिनीतून धावते. दोहों बाजूंस कापसाची वेचणी चाललेली. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना बैलगाड्यांतून उडालेला कापूस जागोजाग अडकलेला. पुढे राजूरचा घाट लागतो आणि गाडी अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढू लागते. वऱ्हाडचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग पूर्वीपासून मानीत आले आहेत. जिल्ह्यातील माणसे अजूनही आपले गाव ‘घाटावर’ आहे की ‘घाटाखाली’ हेच आधी सांगतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. बुलढाणा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. भिल्लांचे ठाणे ते ‘भिलठाणा’, त्याचे बुलढाणा झाले, असे गावकरी सांगतात. घाटाच्या माथ्यावर गाडी आली तेव्हा खिडकीच्या फटीतून आलेल्या वाऱ्याने आमची उरलीसुरली झोप पार उडविली.

थंडीचा हा गाव गोधड्यांचाही आहे, हे आळीत शिरताच दिसले. नऊ वाजता उन्हे अंगणात उतरली होती आणि प्रत्येक गडग्यावर, दोरीवर, बाजेवर गोधड्या वाळत पडल्या होत्या. कोणी गोधडी म्हणते, कोणी वाकळ, वस्तू एकच. पिंजाऱ्याकडून कापूस भरून घेतलेली रजई निराळी. तिला नवे कापड लागते, पैसाही लागतो. गोधडीला लागतात ती घरातली वापरून मऊ झालेली वस्त्रे. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, मुलांचे सदरे. धडकी वस्त्रे वरखाली आणि विरलेली पोटात, असा तिचा साधा नियम. मावशींच्या दोरीवरील एका गोधडीकडे जाऊबाई टक लावून पाहत राहिल्या. सासूबाईंच्या लग्नातल्या शालूचा एक चौकोन तिच्या मधोमध होता.

मावशींनी चहा होईतो धीर धरला. मग फाटलेले लुगडे मागून घेतले, उजेडाकडे धरले आणि भोकांवरून बोट फिरविले. डोळ्यांना आता कमी दिसते, म्हणून त्यांची पुष्कळशी पारख बोटांनीच होते. “सुई चुकली,” त्या म्हणाल्या. “हातची सुई दोन धाग्यांमधून वाट काढते. अडली की हाताला कळते. यंत्राला काय कळणार? म्हणून त्याच्यासाठी आपण आधी कळून घ्यायचे.” आणि त्यांनी आम्हांला बाजारातल्या एका गृहस्थांकडे पाठविले. चाळीस वर्षे शिवणयंत्रे दुरुस्त करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या त्या लहानशा दुकानात आमचा तास दीड तास मोडला; पण आजवर शिवणाच्या वर्गातही जे कळले नव्हते, ते तेथे कळले.

त्यांनी प्रथम हातशिवणीची आणि यंत्राची अशा दोन सुया शेजारी ठेवल्या. हाताच्या सुईचे नेढे बोथट शेवटाला असते, यंत्राच्या सुईचे टोकापाशी. अमेरिकेतील इलायस हाऊ याने १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचे मर्म या एवढ्याशा फरकात होते. सिंगरचे पेटंट १८५१ सालचे. यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. आमच्या गुरूंनी मग भिंग आमच्या हाती दिले. सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खोबण असते. खाली जाताना दोरा तीत लपतो, म्हणून कापडाशी घासत नाही. दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या किंचित वर एक लहानशी खाच असते. सुई तळाला जाऊन वर परतू लागली की खाचेच्या बाजूस दोऱ्याचा बारीकसा फास सुटतो, आणि खालच्या शटलचे टोक नेमक्या त्याच क्षणी तो फास उचलते. टाका म्हणतात तो हाच. सुई केसभर वाकली तरी फास जागेवर सापडत नाही आणि टाका सुटतो. म्हणजे यंत्र बिघडले असे आपण ज्याला म्हणतो, ते पुष्कळदा नुसते सुईचे वाकणे असते.

नंतर नंबर. पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा सुईच्या दांडीची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. ९० म्हणजे नऊ दशांश मिलिमीटर. दुसरा आकडा जुन्या चालीचा, बाजारात सुई मागताना सांगतात तो. ७५ ला ११, ९० ला १४, १०० ला १६ आणि ११० ला १८ अशी जोडी आहे. आम्ही वापरलेली सुई एक मिलिमीटरहून जाड होती! नव्या दणकट ताडपत्रीला ती शोभली असती. धुऊन धुऊन धाग्यांतला जीव गेलेल्या लुगड्याला प्रत्येक टाक्यागणिक ती तोडीत गेली. आणि अशा भोकांची सरळ रेघ पडली की कापड त्याच रेघेवर फाटावयाचे.

“मग सर्वांत बारीक सुई द्या,” आम्ही म्हटले. गृहस्थ हसले. बारीक सुई जाड थरांत वाकते, वाकली की खालच्या लोखंडी पट्टीवर आदळते आणि मोडते. म्हणून त्यांचा नियम असा: थर किती आहेत ते पाहून सुईला बळ द्यावे, आणि त्यातले सर्वांत विरलेले वस्त्र कोणते ते पाहून तिची जाडी आवरावी. न वाकता काम करील अशी सर्वांत बारीक सुई ती खरी. तिचे टोक अणकुचीदार हवे. गोधडीसाठी म्हणून निमुळत्या टोकाच्या खास सुया निघतात, त्या ११ आणि १४ या दोनच नंबरांत बहुधा मिळतात, हे या नियमाला धरूनच आहे. दोन-तीन थरांच्या दुपट्याला ११ पुरते. नेहमीच्या गोधडीला १४. जुन्या जीनच्या विजारी किंवा जाड चादरी घातल्या असतील तर १६, आणि तीही जीनसाठी मिळते ती. बनियनसारखे विणीचे कापड असेल तेथे गोल टोकाची सुई घ्यावी. तीक्ष्ण टोक विणीचा धागा तोडते आणि भोक पळत सुटते. वरून उठून दिसणारा जाड दोरा घालावयाचा असेल तर मोठ्या नेढ्याची सुई मागावी. दोरा आणि नेढे जुळतात की नाही, हे पाहण्याची युक्तीही त्यांनी दाखविली. हातभर दोऱ्यात सुई ओवून दोरा ताठ तिरपा धरावा. सुई आपल्या वजनाने घरंगळत आली तर जोडी जमली, अडून राहिली तर नेढे लहान.

आणखी दोन गोष्टी त्यांनी बजावून सांगितल्या. घरगुती यंत्राच्या सुईच्या माथ्याची एक बाजू सपाट असते, कारखान्यातल्या यंत्राच्या सुईचा माथा गोल असतो. एकीच्या जागी दुसरी बसवू नये. ज्या बाजूने दोरा येऊन ओवला जातो, त्या बाजूस लांब खोबण यावयास हवी. दुसरी गोष्ट, सुई मोडेपर्यंत वापरण्याची आपली सवय. सुमारे आठ तास शिवण झाली की सुई बदलावी. टोक नखावरून हळूच ओढावे. ओरखडा उठला तर टोक वळले आहे. शिवताना ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला तरी तेच समजावे. आमच्या घरच्या यंत्रात एकच सुई दिवाळीपासून दिवाळीपर्यंत नांदत असते, हे सांगावयाचे धैर्य आम्हांला झाले नाही.

११, १४ आणि १६ अशी तीन पाकिटे घेऊन आम्ही परतलो. मावशींच्या घरी काळे, सोनेरी वेलबुट्टीचे जुने यंत्र आहे. सासूबाई आपले पहिले पोलके त्यावरच शिवावयास शिकल्या. मावशींनी फाटके लुगडे पुढे केले. “परीक्षा हिच्यावर करा. हे वाया गेलेले नाही; बाकीच्या चौघांना हेच सांभाळील.” त्याच्या पाच थरांवर आम्ही ११ नंबर चालविला. टीप इतकी नाजूक पडली, भोके इतकी बारीक, की आमच्या मनाने तेथेच निकाल दिला. दुपारी चारही लुगड्यांतले निवडक तुकडे पसरून, घरच्या जमिनीवर ताणून, कच्चे टाके घातले. सर्वांत विरलेले अमसुली लुगडे मधल्या थरात गेले. हाताने शिवताना बायका काठाकडून आत येतात. यंत्र मात्र वरचा थर पुढे ढकलते, म्हणून मधून बाहेर जावे, हेही आम्ही दुकानातच शिकलो होतो.

चौथी टीप काठापाशी आली. तेथे दोन लुगड्यांचे काठ एकमेकांवर आले होते; आम्ही परीक्षा केली ती साध्या पोतावर, काठाचा विचारच केला नव्हता. पाय तसाच चालत राहिला. एक बारीक आवाज झाला आणि सुई मोडली. माथ्याकडचा भाग यंत्रातच राहिला, मधला तुकडा पट्टीवर पडला. टोक कोठे दिसेना.

जाऊबाई नवी सुई बसवू लागल्या. मावशींनी त्यांचा हात धरला. आवाज चढवून बोलण्याची त्यांची रीत नाही. पण त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. “टोक सापडल्याशिवाय पुढचा टाका नाही. हिच्यावर तान्हे निजणार आहे.”

आम्ही जमीन झाडली, यंत्राची पट्टी काढून पाहिली, शटल काढून पाहिले. कोठेच नाही. म्हणजे ते वाकळीतच होते. अर्धवट शिवलेल्या त्या पाच थरांकडे पाहून आम्हां दोघींच्या पोटात गोळा उठला. मावशींचा शाळकरी नातू आपल्या दप्तरातला लोहचुंबक घेऊन आला. काठापासून सुरुवात करून एक एक वीत तपासले. दिवे लागणीला एका जागी चुंबक किंचित ओढला गेला. मावशींनी त्या जागी बोट ठेवले, आजूबाजूचे टाके आम्हांला उसवावयास लावले आणि तिसऱ्या थरातून, अमसुली लुगड्याच्या धाग्यांत आडवे अडकलेले ते टोक वर काढले. तेवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. तिन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर एकापुढे एक जुळवून शेजारी अखंड सुई ठेवविली. लांबी पुरी भरली, तेव्हा कोठे त्यांनी देवापुढे दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी १४ नंबर लावला. या वेळी परीक्षा फाटक्या लुगड्याच्या काठावर काठ ठेवून केली. टाका थोडा लांब, इंचाला आठ ते दहा. दाबाचा स्क्रू किंचित सैल. आणि काठ आला की पायावरची भिस्त सोडून चाक हाताने फिरवावयाचे. सुई वाकली नाही, भोके मोठी पडली नाहीत. संध्याकाळपर्यंत वाकळ पुरी झाली. कडा मात्र मावशींनी हाताने शिवल्या. दोरा आम्ही ओवून द्यावयाचा आणि धावदोरा त्यांनी घालावयाचा. दिसत नसताना त्या टाका सारखा कसा घालतात, असे आम्ही विचारले. “अक्का नेहमी माझ्या डाव्या बाजूला बसून शिवायची,” त्या म्हणाल्या. “तिच्या हाताचा ताल अजून ऐकू येतो.” त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

परतताना घाट उतरून खामगाव-शेगावच्या वाटेने आलो. शेगावला श्रीगजानन महाराजांचे दर्शन घ्यावयाचे होतेच. खामगावचा कापसाचा बाजार भरात होता. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला आणि या काळ्या जमिनीच्या पिकाला विलायतेतून मागणी आली. जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा १८७० साली झाला, तो या कापसासाठीच. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या पिकावर उभी राहिली, ते जहाजांत बसून लँकेशायरला जाई आणि कापड होऊन पुन्हा येथल्याच बाजारात विकावयास येई. दामदुप्पट देऊन घेतलेले ते कापड माणसे वापरीत, विरले की थरावर थर रचून गोधडी करीत. कापसाच्या त्या ढिगांपुढे उभे असताना आमच्या मनात आले, या सगळ्या उलाढालीत कापडाचे शेवटचे मोल जाणणारी माणसे बाजारात नव्हती. ती घराघरांत दुपारच्या वेळी हातात सुई घेऊन बसली होती.

फाल्गुनात आमच्या घरी पणती आली. वाकळ आतापर्यंत कितीदा धुतली याची गणती नाही. टिपेपाशी एकही धागा सुटलेला नाही. फाटक्या लुगड्याची आम्ही लहान लहान चौकोनांत घडी करून ठेवली आहे. नवे काही शिवावयाचे झाले की त्यातला एक तुकडा परीक्षेला घेतो.

आमच्या वाचक भगिनींपैकी पुष्कळींच्या ट्रंकांत अशी लुगडी निजलेली असतील. ती बाहेर काढण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. जे वस्त्र सर्वांत विरलेले असेल त्यावरून आधी हात फिरवावा, मग थर मोजावे, काठ कोठे एकावर एक येतात ते पाहावे. आणि त्यानंतर सुईचा नंबर मागावा. सुईला चार-दोन रुपये पडतात. लुगडे मात्र कोणत्याच दुकानात पुन्हा मिळत नाही. आणि सुई मोडलीच, तर तिचे तुकडे जुळवून लांबी पुरी भरेपर्यंत पुढचा टाका घालू नये.